समान नाम, भिन्न वृक्ष : तौलनिक साहित्याभ्यासातील एक प्रश्न

१

भारतीय भाषांतील साहित्यांचा एकत्र विचार करताना तत्सम शब्दांचा आपणांस मोठा आधार वाटतो. अशोक, देवदार, पारिजात, मंदार, चंपक ही नावे बंगाली, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत थोड्याफार ध्वनिभेदाने आढळतात. आणि नाव एक आहे त्या अर्थी वस्तूही एकच असणार, असे गृहीत धरून आपण पुढे जातो. वनस्पतींच्या बाबतीत हे गृहीत वारंवार फसते. परका शब्द अनुवादकाला थांबवतो, कोश उघडावयास लावतो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. ही फसगत कशी होते व तीतून वाट कशी काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

२

पहिले उदाहरण देवदाराचे. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात पार्वतीने पुत्रवत् वाढविलेला जो देवदारू येतो, तो हिमालयातील सूचिपर्णी वृक्ष होय. हिंदीतील 'देवदार' हा तोच. बंगालीत मात्र 'देवदारू' या नावाने सामान्यतः ओळखला जातो तो मैदानी प्रदेशातील एक उंच, सदाहरित वृक्ष. त्याची पाने लांबट, तकतकीत व नागमोडी कडांची असतात. गुजरातेत ज्याच्या पानांची तोरणे दारावर लावतात तो आसोपालव हाच, आणि महाराष्ट्रातील शहरांत बंगल्यांच्या व शाळांच्या आवारांत ओळीने लावलेला 'अशोक'ही हाच. एखाद्या बंगाली कथेतील देवदारूंची रांग मराठीत 'देवदार' म्हणूनच उतरली, तर बंगालमधील अंगण वाचकाच्या मनात एकदम हिमालयाच्या उतारावर जाऊन बसते.

या साखळीची दुसरी कडी अशोकाची आहे. संस्कृत काव्यातील अशोक हा तांबूस-केशरी फुलांच्या घोसांनी बहरणारा, मध्यम उंचीचा वृक्ष. सुंदर स्त्रीच्या पदाघाताने तो फुलतो, हा कविसंकेत 'मालविकाग्निमित्रा'त कथानकाचाच भाग झाला आहे. मराठीत त्याला आज 'सीतेचा अशोक' असे विशेषण लावून ओळखावे लागते, कारण मूळ नाव शहरातील उंच वृक्षाने बळकावले आहे. त्या उंच वृक्षाची फुले हिरवट, बारीक आणि सहसा लक्षातही न येणारी असतात. तो वृक्ष डोळ्यांसमोर ठेवून नाटक वाचणाऱ्या विद्यार्थ्यास तो दोहदाचा प्रसंग निरर्थक वाटला, तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

३

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मराठीत पारिजातक किंवा प्राजक्त म्हणजे केशरी देठाचे, पांढऱ्या पाकळ्यांचे, संध्याकाळी उमलून पहाटे गळणारे फूल. यालाच हिंदीत हरसिंगार आणि बंगालीत शिउली किंवा शेफाली म्हणतात. बंगालीत 'पारिजात' हेही नाव आहे. परंतु स्वर्गीय पुष्पाखेरीज ते लावले जाते आपल्या पांगाऱ्याला. त्याच पांगाऱ्यास बंगालीत मादार अथवा मांदार असेही म्हणतात, तर मराठीत मंदार म्हणजे पांढरी रुई, जिची फुले गणपतीला वाहतात. शिवाय उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात किंतूर येथे 'पारिजात' म्हणून पूजिला जाणारा प्रसिद्ध वृक्ष आहे, तो गोरखचिंचेचा. गोरखचिंच मूळची आफ्रिकेतील.

यांपैकी 'खरा' पारिजात कोणता, असा प्रश्न येथे स्वाभाविकच उद्भवतो. परंतु तो प्रश्नच चुकीचा आहे. अमरकोशात स्वर्गवर्गातील पाच देवतरूंमध्ये मंदार व पारिजातक ही दोन वेगळी नावे आहेत. पुढे वनौषधिवर्गात तीच दोन नावे पारिभद्राचे पर्याय म्हणून एकत्र येतात, आणि पारिभद्र म्हणजे पांगारा. शेफालिका तेथे निर्गुंडीबरोबर सांगितली आहे. म्हणजे नावांची ही सरमिसळ अलीकडच्या लोकभाषांनी केलेली नाही. ती कोशपरंपरेतच आहे. समुद्रमंथनातून निघालेला वृक्ष पृथ्वीवर कोणीच पाहिलेला नव्हता. प्रत्येक प्रदेशाने आपल्या परिसरातील सुंदर, सुगंधी वा विलक्षण अशा एखाद्या झाडास ते नाव दिले.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे महत्त्व काय? पांगारा शिशिराच्या अखेरीस, पाने झडलेली असताना लालभडक फुलतो. त्याच्या खोडाफांद्यांना काटे असतात, फुलांना म्हणावा असा गंध नसतो. प्राजक्त पावसाळ्यात व शरदात फुलतो, आणि त्याचे सारे सौंदर्य गंधात व गळण्यात आहे. बंगालीतील पांगाऱ्याच्या अर्थाचा 'पारिजात' मराठीत 'पारिजातक' झाला की एका शब्दाने ऋतू, रंग आणि गंध ही तिन्ही बदलतात.

उलट बाजूही पाहावी. शिउलीचा अनुवाद 'प्राजक्त' असा केला तर वनस्पती अचूक राहते. तथापि शिउलीबरोबर बंगाली मनात दुर्गापूजेची चाहूल येते, तर प्राजक्ताबरोबर मराठी मनात सत्यभामेच्या अंगणात लावलेले आणि रुक्मिणीच्या अंगणात फुले ढाळणारे झाड उभे राहते. तेव्हा नाम एक आणि वृक्ष भिन्न, तसेच वृक्ष एक आणि संस्कार भिन्न, असे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. वनस्पतिशास्त्र पहिल्याचे उत्तर देऊ शकते, दुसऱ्याचे नाही.

४

तिसरे उदाहरण चाफ्याचे. मराठीत हे कुळनावासारखे वापरले जाते. सोनचाफा हा संस्कृतातील चंपक. त्याच्याकडे भ्रमर जात नाही, असा कविसंकेत आहे. पांढरा चाफा निष्पर्ण फांद्यांवरही फुलतो. हिरवा चाफा वेलीसारखा वाढतो आणि त्याला पिकल्या फळाचा वास येतो. नागचाफ्याच्या शुभ्र पाकळ्यांत पिवळ्या केसरांचा गुच्छ असतो, तर भुईचाफ्याचे फूल पानांच्या आधी थेट जमिनीतून वर येते. ही झाडे परस्परांची जवळची आप्त नव्हेत. बंगालीने हीच वाटणी निराळ्या रीतीने केली : हिरवा चाफा तेथे 'काँठालिचाँपा', म्हणजे फणसाच्या वासाचा चाफा, पण पांढऱ्या चाफ्याला 'काठगोलाप' म्हणून गुलाबांत बसविले.

बोलताना आपण विशेषण लावतो; कवितेत छंदासाठी वा लाघवासाठी ते गळते आणि नुसता 'चाफा' उरतो. त्याचे हिंदी वा बंगाली रूपांतर 'चंपक' असे केल्यास मूळात नसलेला सोनेरी रंग आणि भ्रमराचा संकेत, दोन्ही कवितेत शिरतात. येथे इतिहासाचीही मदत होते. पांढरा चाफा मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. तेव्हा कालिदासाच्या किंवा ज्ञानेश्वरांच्या काळातील चंपकाचा अर्थ त्यावरून लावता येणार नाही. आजच्या कवितेतील चाफा मात्र तो असू शकतो, किंबहुना पुष्कळदा असतोही.

५

सामान्य नावांना केवळ अज्ञानाचे फलित मानणे अन्यायाचे होईल. आपापल्या गावात ती अचूक असतात. मंदाराची फुले आणावयास सांगितलेला मराठी मुलगा पांगाऱ्याखाली जाणार नाही. गोंधळ सुरू होतो तो मजकूर प्रवासास निघाल्यावर. हे जाणूनच १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथात चित्राशेजारी एकाहून अधिक लिप्यांत नावे दिली गेली. रंगभट्ट, विनायक पंडित व आपु भट्ट यांच्या साहाय्याने त्यांत नागरीतील कोंकणी नावेही आली. एका नावावर विसंबू नये, हा धडा तेथे तीनशे वर्षांपूर्वीच दिलेला आहे.

शास्त्रीय नावाची जोड अवश्य द्यावी; परंतु तेही अढळ नसते. सोनचाफा पूर्वी 'मिशेलिया' या प्रजातीत गणला जाई, आज तो 'मॅग्नोलिया'त गणला जातो. म्हणून संहितेलाच तीन प्रश्न विचारावेत. झाड कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी फुलते, आणि फूल फांदीवर सुकते की गळते? लेखनाच्या काळी ते झाड त्या प्रदेशात असणे शक्य होते काय? आणि लेखकाच्या मनात अंगणातील झाड आहे की पुराणातील? प्रतिमेचे मर्म झाडाच्या वर्तनात असेल, तर अनुवादकाने झाड राखावे, नाव बदलावे. मर्म कथेत असेल, तर नाव राखावे. दोहोंपैकी एकाचाही निर्णय संहितेतून होत नसेल, तर तसे स्पष्ट नोंदवावे.

भारतीय साहित्याची एकात्मता सिद्ध करण्याच्या उत्साहात आपण समान शब्दांच्या याद्या करतो. त्या उपयुक्तच आहेत. मात्र प्रतिमांच्या सूचीत प्रत्येक नावापुढे झाडाचा रकाना असावयास हवा, आणि तो संहिता वाचूनच भरला पाहिजे. तसे केल्यास काही साम्ये गळून पडतील. जी उरतील, त्यांवर मात्र निःशंकपणे पुढील विवेचन उभारता येईल.