गांवचा पैसा, गांवचें पांखरूं



भूगोलाच्या तासाला उत्तर अमेरिकेंतील गवताळ मैदानांचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, तेथें आतां मैलोगणती मका आणि सोयाबीनच पेरतात, तर मग गवतांत राहणारीं पांखरें गेलीं कोठें?" प्रश्न लहान होता, परंतु त्याचें उत्तर देतां देतां तास संपला आणि उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावें, आणि त्याच्या निमित्तानें वर्गणी गोळा करण्याची एक निराळी रीत तुम्हांस व तुमच्या वडीलधाऱ्यांस सांगावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

ज्या पांखराभोंवतीं ही सर्व हकीकत फिरते, त्याचें नांव फेझंट. हें आपल्या रानकोंबड्याचें व मोराचें भाऊबंद. नराचें अंग तांबूस सोनेरी, डोकें हिरवेंगार, डोळ्यांभोंवतीं लाल कातडी, गळ्यांत पांढरें वळें आणि मागें लांब पट्टेदार शेपूट. मादी मातकट तपकिरी रंगाची. गवतांत बसली तर चार हातांवरून दिसावयाची नाहीं. मौज अशी कीं, हें पांखरूं मूळचें अमेरिकेचें नव्हेच. शांघाय येथील अमेरिकन वकील ओवेन डेनी यांनीं १८८१ व १८८२ सालीं चीनमधून हीं पांखरें ऑरेगन प्रांतीं धाडलीं आणि तेथून त्यांचा विस्तार झाला. पाहुणा म्हणून आलेलें हें पांखरूं इतकें घरचें झालें कीं, १९४३ सालीं साउथ डकोटा राज्यानें त्यास आपला राज्यपक्षी ठरविलें!

आतां त्याचा संसार पाहूं, कारण पुढील सारें त्यावरच अवलंबून आहे. मादी जमिनीवरच, उंच गवताच्या बुडाशीं खळगा करून दहाबारा अंडीं घालते आणि सुमारें तेवीस दिवस तीं उबविते. पिलें अंड्याबाहेर येतांच चालूं लागतात. परंतु पहिले कांहीं आठवडे त्यांस दाणे उपयोगी नाहींत, किडे व नाकतोडेच हवेत. हिवाळ्यांत बर्फाचीं वादळें येतात, तेव्हां भुकेपेक्षां वाऱ्याचेंच भय अधिक. त्या वेळीं पाणथळींतील पाणकणसाचें दाट रान हाच त्यांचा आसरा. म्हणजे घरट्यासाठीं न कापलेलें गवत, पिलांसाठीं फुलझाडांनीं भरलेला व किड्यांनीं गजबजलेला माळ, आणि थंडीसाठीं दाट आडोसा, हीं तीनही जवळजवळ असावीं लागतात. जवळजवळ हा शब्द ध्यानांत ठेवा. फेझंट स्थलांतर करीत नाहीं. एकदोन मैलांच्या वर्तुळांत त्याचा जन्म, संसार व मरण होतें. त्या वर्तुळांतील गवत गेलें, तर शेजारच्या तालुक्यांतील गवताचा त्यास कांहीं उपयोग नाहीं.

गवत गेलें कसें, तें सांगण्यास फार शब्द नकोत. शेतें मोठीं झालीं, बांध मोडले, पाणथळी चर खणून सुकविल्या, आणि लसूणघासाची पहिली कापणी नेमकी जूनमध्यें, मादी अंड्यांवर बसलेली असतांना होऊं लागली. १९५६ सालच्या एका सरकारी योजनेनें शेतकऱ्यांस जमीन पडीत ठेवण्याबद्दल पैसे दिले, तेव्हां पांखरें वाढलीं. पुढें ती योजना आटोपली आणि पांखरेंही आटलीं. त्यावर लोकांनीं पहिल्यानें सोपा उपाय केला. पिंजऱ्यांत फेझंट वाढवावयाचे आणि माळावर सोडावयाचे! परंतु पिंजऱ्यांतील पांखरास ना कोल्ह्याची ओळख, ना आडोशाची. बहुतेक थोड्याच आठवड्यांत मरून जात. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील आल्डो लिओपोल्ड या विद्वानानें १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत जें शास्त्र मांडलें, त्याचें सार हेंच कीं, पांखरें वाढवावयाचीं तर त्यांचें रान वाढवावें. ही गोष्ट लोकांच्या गळीं उतरण्यास मात्र पन्नास वर्षें लागलीं.

१९८२ सालीं मिनेसोटा राज्यांतील सेंट पॉल शहरीं डेनिस अँडरसन नांवाच्या वृत्तपत्रकारानें आपल्या स्तंभांतून या पांखराच्या रानासाठीं संस्था काढण्याची हांक दिली आणि ‘फेझंट्स फॉरेव्हर’ ही संस्था जन्मास आली. १९८३ च्या वसंतऋतूंत तिचें पहिलें सहभोजन झालें, त्यास सुमारें आठशें मंडळी जमली. त्याच वर्षीं, संस्थेच्या खटपटीनें, फेझंटची शिकार करणारानें निराळें तिकीट विकत घ्यावें असा कायदा मिनेसोटांत झाला. आज तिच्या सातशेंहून अधिक शाखा आहेत. बहुतेक एकेका कौंटीची एकेक. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग समजा.

या संस्थेचा जो नियम आम्हांस विशेष वाटला, तो असा. सभासदाची वार्षिक वर्गणी मुख्य कचेरीकडे जाते. परंतु शाखेनें आपल्या गांवीं जो निधी उभा केला, तो कोठें व कसा खर्चावयाचा हें शेंकडा शंभर शाखाच ठरविते. हा नियम नुसता लोकांस खूष करण्यासाठीं नाहीं. पांखराचा संसार जर दोन मैलांत आटपतो, तर त्याच्या पैशाचा संसारही तेवढ्याच आवारांत असावा, हें त्यांतील मर्म आहे. याच्या उलट बदकांची गोष्ट पाहा. १९३७ सालीं, मोठ्या अवर्षणाच्या दिवसांत, ‘डक्स अनलिमिटेड’ ही संस्था निघाली. अमेरिकेंत हिवाळ्यांत दिसणारीं पुष्कळ बदकें कॅनडांतील तळ्यांच्या कांठीं अंडीं घालतात. म्हणून तिनें अमेरिकेंतील पैसा सरहद्दीपलीकडे धाडला आणि १९३८ सालीं मॅनिटोबांतील बिग ग्रास मार्श या दलदलींत पहिलें काम हातीं घेतलें. तेथें पैसा दूर जाणें योग्यच होतें, कारण पांखरूंच दूर जातें!

आम्हीं विद्यार्थी असतांना एका निधीसाठीं उन्हातान्हांत दारोदार फिरून आणे-पैसे जमविले होते. पेटी भरली, वरिष्ठांकडे गेली. पुढें त्या पैशाचें काय झालें हें आम्हांस कोणीं कधींच कळविलें नाहीं. कोणीं खाल्ला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढील वर्षीं पेटी घेऊन फिरावयास आमच्यापैकीं एकही मुलगा तयार झाला नाहीं, एवढें खरें. म्हणून या शाखांचा हिशेब वाचतांना आमचें मन त्या पेटीकडे गेल्यावांचून राहिलें नाहीं. त्यांचा दाता रविवारीं मोटारींतून जातांना मुलास बोट करून सांगूं शकतो कीं, तें पलीकडचें गवत आपल्या पैशाचें.

आतां पैसा उभा कसा राहतो तें पाहूं. शाखेचे कार्यकर्ते विनावेतन काम करणारे: शेतकरी, शिक्षक, दुकानदार, गाड्या दुरुस्त करणारे. वर्षांतून एक रात्र ठरवावयाची, गांवांतील मोठें दालन घ्यावयाचें, आणि महिनोन्‌महिने आधींपासून दुकानदारांकडे जाऊन वस्तु मागावयाच्या. कोणी चित्र देतो, कोणी लांकडांतून कोरलेलें बदक, कोणी बियाण्याचीं पोतीं, कोणी शिकारी कुत्र्याचें पिलूं. जेवणाच्या तिकिटांत वर्षाची वर्गणीही धरलेली असते. लोक येतात, मेजांवर वस्तु मांडलेल्या असतात व प्रत्येकीपुढें एक कागद. ज्यास वस्तु हवी त्यानें कागदावर नांव व आंकडा लिहावा, दुसऱ्यानें त्याच्या खालीं अधिक आंकडा लिहावा. हा मूक लिलाव. जेवण झालें कीं बोलका लिलाव, आणि त्यांत शेजारी शेजाऱ्यावर चढ करून दहाची वस्तु पन्नासास घेतो व वर हंसतो. मधून मधून सोडती निघतात, त्यांत बंदुकाही असतात. सोडतीचा हा प्रकार आमच्या मनास पटत नाहीं, आणि आमच्या शाळेंत तो नको, हें येथेंच नमूद करतों. परंतु लिलावांतील देणगी व आनंद यांची सांगड मात्र शिकण्यासारखी आहे. जेवणाचा व दालनाचा खर्च वजा जातां जें उरतें, तें शाखेचें.

हें उरलेलें एका रात्रीचें धन, जमिनीचा भाव पाहतां, थोडें असतें. तेथें एका एकरास हजारों डॉलर पडतात. येथें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. १९३७ सालच्या पिटमन–रॉबर्टसन कायद्यानें शिकारीच्या लांब बंदुका व काडतुसें यांवर शेंकडा ११ कर आहे. तो पैसा राज्यांस वांटला जातो. राज्यानें आपला १ डॉलर घातला, तर मध्यवर्ती सरकारचे ३ मिळतात. शाखेची देणगी राज्याच्या त्या एका डॉलरांत धरली गेली, म्हणजे गांवच्या एकाचे चार होतात. मिनेसोटांत १९८६ पासून रानासाठीं दिलेल्या खाजगी देणगीस राज्य तेवढीच भर घालतें. शिवाय २००८ सालीं तेथील मतदारांनीं विक्रीकर तीन-अष्टमांश टक्क्यानें पंचवीस वर्षांसाठीं वाढवून घेतला, आणि त्यांतील सुमारें एकतृतीयांश वांटा गवताळ माळ, पाणथळी व रानें यांस ठेवला. आपण होऊन कर वाढवून घेणारे मतदार विरळाच! अशा रीतीनें जमीन विकत घेतली, कीं शाखा बहुधा ती स्वतःजवळ ठेवीत नाहीं. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या हवालीं करते, आणि तेथें फिरावयास, पांखरें पाहावयास व हंगामांत शिकारीस कोणासही मोकळीक असते.

कोणी पालक म्हणतील, "मारण्यासाठींच जगविणें, यांत पुण्य कसलें?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं, आणि आम्हांसही बंदुकीचें कौतुक नाहीं. परंतु वस्तुस्थिति अशी कीं, तेथील कायद्यानें बहुतेक ठिकाणीं नरच मारावयाचा असतो; एक नर अनेक माद्यांस पुरतो, म्हणून कांहीं नर गेल्यानें पुढील सालचीं पिलें कमी होत नाहींत. गवत गेल्यानें मात्र सगळींच जातात. आणि त्या गवतांत एकटा फेझंट राहत नाहीं. माळावर गाणारे लहान पक्षी, मधमाशा, फुलपांखरें हीं सर्व त्याच पैशावर जगतात. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपांखरांची शिकार मना झाली, तेव्हां हा मार्ग जसाच्या तसा आपल्याकडे आणतां येणार नाहीं. तरी एक साम्य डोळ्यांत भरतें. सोलापूरजवळील नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. माळढोकही गवतांतच अंडें घालतो. आणि आपणही गवताळ माळास काय म्हणतों? पडीक!

या शाखांची शक्ति किती, हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर चित्र खोटें होईल. १९८५ च्या शेतकी कायद्यानें अमेरिकन सरकारनें दहा ते पंधरा वर्षांच्या करारानें शेतकऱ्यांस भाडें देऊन झिजणाऱ्या जमिनींवर गवत लावविलें. २००७ सालीं अशी जमीन ३ कोटी ६८ लाख एकर होती. पुढें मक्याचे भाव चढले, करार संपले, नांगर पुन्हा फिरला, आणि दहा वर्षांच्या आंत ती २ कोटी ४० लाख एकरांच्याही खालीं आली. साउथ डकोटांत २०१३ सालीं पांखरांची गणती आदल्या सालापेक्षां शेंकडा ६४ नीं उतरली. त्यांत अवर्षणाचा व गारठलेल्या वसंताचाही हात होता. साऱ्या शाखांनीं वर्षानुवर्षें सहभोजनें केलीं, तरी तेवढी जमीन त्यांस विकत घेतां आली नसती. म्हणूनच संस्थेनें शेतकी कचेऱ्यांतून जीवशास्त्राचे जाणकार बसविले. कोणत्या कोपऱ्यांत पीक मुळींच परवडत नाहीं, तेथें गवत लावून भाडें कसें मिळवावें, हें ते शेतकऱ्यास हिशेब मांडून दाखवितात. सरकारनें हात आखडला तरी विकत घेतलेला तुकडा हलत नाहीं, एवढाच शाखेचा भरंवसा. आणि वाईट वर्षीं पांखरें त्या तुकड्यांवरच तग धरतात.

मग जेवणाचें पांखरूं झालें कीं नाहीं, हें कळावें कसें? मिनेसोटांत १९५५ पासून दर ऑगस्टच्या पूर्वार्धांत गणती होते. वारा पडलेला व भरपूर दंव पडलेलें अशी पहाट निवडतात. सूर्योदयाबरोबर मोटार हळूहळू पंचवीस मैलांच्या ठराविक रस्त्यानें निघते. ओल्या गवतांतून भिजलेल्या माद्या आपल्या पिलांस घेऊन अंग वाळविण्यास रस्त्याच्या कडेस येतात, आणि मोटारींतील माणूस एकेक मादी, एकेक पिलूं मोजून टिपून घेतो.