पाण्याखालील छायाचित्रण : कॅमेरा कोणता घ्यावा ?

दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन समुद्रतळ पाहून येण्याची हौस हल्लीं पुष्कळ कुटुंबांस लागली आहे. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून खालीं उतरावयाचें, आणि वर येतांना तेथील माशांचीं चित्रें बरोबर आणावयाचीं, असा मुलांचा हट्ट असतो. मग पालकांपुढें प्रश्न पडतो कीं, यासाठीं कोणता कॅमेरा घ्यावा आणि त्यावर पैसे तरी किती घालावे ? दुकानदार हा प्रश्न मेगापिक्सेलच्या आकड्यांनीं सोडवितो. आमच्या मतें तो प्रथम पाण्याच्या गुणधर्मांवरून सोडविला पाहिजे. कारण कॅमेरा आणि मासा यांच्यामध्यें हवा नसून पाणी आहे, आणि चित्र बिघडतें तें बहुधा त्या पाण्यानें.

पाणी प्रकाशांतील सर्व रंग सारखे पलीकडे जाऊं देत नाहीं. तांबडा रंग सर्वांच्या आधीं शोषला जातो. सुमारें ५ मीटरांवर तो बहुतेक नाहींसा होतो. त्यामागून नारिंगी व पिवळा जातात, आणि अखेरीस निळ्या-हिरव्या छटा तेवढ्या उरतात. खोल पाण्यांत बोटास खरचटलें तर रक्त लाल न दिसतां हिरवट-काळें दिसतें, तें यामुळेंच. येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हिशेब केवळ खोलीचा नसतो, प्रकाशानें पाण्यांतून चाललेल्या एकूण वाटेचा असतो. ५ मीटर खालीं आलेला प्रकाश माशापासून भिंगापर्यंत आणखी ३ मीटर गेला, तर ८ मीटर पाण्यानें त्याचा रंग खाल्ला.

दुसरा गुण वक्रीभवनाचा. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारें १.३३ असल्यामुळें सपाट कांचेंतून पाहतां ४ मीटरांवरचा मासा ३ मीटरांवर आहेसें वाटतें, आणि भिंगाच्या दृष्टीची रुंदी कमी होते. म्हणून चांगल्या पेट्यांस पुढें घुमटाकार कांच बसवितात. शिवाय मालवणच्या पाण्यांत गाळ व सूक्ष्म जीव तरंगत असल्यानें कित्येकदां कांहीं थोड्या मीटरांपलीकडे दिसत नाहीं. लक्षद्वीपचें पाणी याहून पुष्कळच स्वच्छ.

या सर्वांवर उपाय एकच : जवळ जाणें. तेव्हां दूरचें ओढून आणणारें भिंग येथें निरुपयोगी होय. हातभर अंतरावरून मोठी वस्तु मावेल असें रुंद भिंग, किंवा चार बोटांवरून लहानसा जीव स्पष्ट टिपील असें भिंग, हेंच कामाचें.

भिंगाच्या खालोखाल प्रकाश. १८९३ सालीं फ्रान्समधील बान्यूल-सुर-मेर येथें लुई बूतां यानें समुद्राखालीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां कांहीं चित्रांस अर्ध्या तासापर्यंत प्रकाश द्यावा लागे. म्हणून त्यानें प्राणवायूच्या पिंपावर मॅग्नेशियमची पूड जाळण्याची युक्ति योजिली. आज तेंच काम मुठीएवढा फ्लॅश करतो. मात्र तो कॅमेऱ्यांतच भिंगाशेजारीं असेल तर मधले गाळाचे कणच उजळतात आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखें दिसतें. धुक्यांत मोटारीचे मोठे दिवे लावले असतां पुढें पांढरी भिंत उभी राहते, तोच हा प्रकार. दिवा लांब दांड्यावर, भिंगापासून बाजूस हवा. पैसे मोजकेच असतील तर कॅमेरा साधा घ्यावा व दिवा चांगला घ्यावा.

आतां प्रत्यक्ष निवड. फोनवरील आयपी-६८ हा शिक्का म्हणजे बुडी मारण्याचा परवाना नव्हे. ती परीक्षा गोड्या, स्थिर पाण्याची असते. समुद्रांत तर दर १० मीटरांस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. फोन न्यावयाचाच तर खास डायव्हिंगसाठीं केलेल्या पेटींतून न्यावा. गोप्रोसारखे छोटे कॅमेरे नुसते १० मीटरांपर्यंत आणि स्वतःच्या पेटींत ६० मीटरांपर्यंत चालतात. हलत्या चित्रांस ते उत्तम, परंतु बारीक जीवांस तितकेसे नाहींत. टीजी-७ जातीचा लहान कॅमेरा नुसता १५ मीटर सोसतो व अगदीं जवळचें फार सुरेख टिपतो. भिंगें बदलण्याच्या मोठ्या कॅमेऱ्याची पेटी पुष्कळदां कॅमेऱ्याहूनहि महाग पडते. एका सुटीसाठीं हा खर्च आम्हांस उधळपट्टीच वाटते.

पालकांस एक आग्रहाची विनंती आहे. प्रथमच उतरणाऱ्या मुलाच्या हातीं कॅमेरा देऊंच नये. ज्याला पाण्यांत अधांतरीं स्थिर राहतां येत नाहीं, तो चित्राच्या नादांत हवेचा कांटा पाहण्यास विसरतो, सोबत्यापासून दूर जातो, नकळत वर-खालीं होतो. श्वास रोखून वर येणें तर फुप्फुसांस प्राणघातक होऊं शकतें. शिवाय त्याच्या पायांखालीं पोंवळीं मोडतात, तीं वर्षानुवर्षें भरून येत नाहींत. पहिल्या खेपेस चित्रें सोबतच्या मार्गदर्शकानें घ्यावीं. मुलानें डोळे उघडे ठेवावे, एवढें पुरे.

पेटी नवी असल्यास प्रथम रिकामीच बुडवून आणावी. तिच्या कडेचें रबरी कडें प्रत्येक वेळीं पुसून पाहावें; त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आंत शिरतें. वंगण निर्मात्यानें सांगितलेलेंच व नखभरच लावावें. पेटी होडींत उन्हांत ठेवूं नये, नाहींतर थंड पाण्यांत आंतून कांचेवर वाफ धरते. सिलिका जेलची पुडी आंत असावी. वर येतांच पेटी बंदच ठेवून गोड्या पाण्याच्या बादलींत अर्धा तास बुडवावी, आणि पूर्ण सुकल्यावरच उघडावी.