माप वस्त्राचे, दोष शरीराला : कृश बांधा, उथळ स्तनठेवण आणि योग्य ब्रा

वैद्यकीय अभ्यासक्रमात आपण स्तनाची रचना शिकतो, त्याचा रक्तपुरवठा शिकतो, त्याचे रोग शिकतो. परंतु ज्या वस्त्रात हा अवयव दिवसाचे दहा-बारा तास असतो, त्या वस्त्राविषयी आपल्याला एक ओळही शिकवली जात नाही. परिणामी रुग्ण विचारीत नाही आणि डॉक्टर सांगत नाहीत. बालरोगतज्ज्ञाने ह्या विषयात का पडावे, असा प्रश्न काही व्यवसायबंधूंना पडेल. त्याचे उत्तर असे की, वयात येणारी मुलगी आमच्याकडेच येते आणि काही वर्षांनी तीच मुलगी तान्हे बाळ घेऊन पुन्हा आमच्यासमोर बसते. दोन्ही वेळी, विशेषतः ती अंगाने बारीक असेल तर, एक चिंता कमी-अधिक स्पष्ट शब्दांत मांडली जाते : "डॉक्टर, हिची वाढ नीट झालेली नाही का?" तपासणीत शरीर पूर्णपणे निकोप आढळते. चुकलेले असते ते वस्त्राचे माप. बाजारात मिळणारी ब्रा अंगाला बसली नाही की आपण ब्राला नव्हे, अंगाला दोष देतो. ह्या लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम रचनेची थोडी उजळणी करू. स्तनाचा पाया साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत आणि उरोस्थीच्या कडेपासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो. त्याचा एक निमुळता भाग काखेकडे जातो. स्तनात स्वतःचा स्नायू नाही. त्वचा आणि आतील तंतुमय बंध हाच त्याचा आधार. ह्या बंधांचे वर्णन अॅस्टली कूपर ह्या इंग्रज शल्यवैद्याने १८४० सालच्या आपल्या ग्रंथात केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. आता दोन स्त्रियांच्या स्तनांचे घनमान अगदी सारखे असले, तरी त्यांची ठेवण निराळी असू शकते. एकीचा पाया अरुंद आणि पुढील उंचवटा अधिक. दुसरीचा पाया रुंद, उंचवटा कमी, ऊतक छातीवर पसरलेले. एकच पाणी लोट्यात घ्यावे आणि ताटलीत घ्यावे, तसे हे आहे. दुसऱ्या प्रकाराला आपण उथळ ठेवण म्हणू. ही विकृती नव्हे, अपुरी वाढही नव्हे. नाकाची ठेवण जशी घराण्यागणिक निराळी, तशीच ही.

मापाच्या गोंधळाला इतिहास आहे. आपल्या आज्या-पणज्या गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घालीत. ती शिंपी प्रत्येकीच्या मापाने बेतून देई आणि पुढची गाठ घट्ट-सैल करणे ज्या त्या बाईच्या हाती असे. तयार कपड्याने ही सोय संपवली. कपाला ए, बी, सी, डी ही अक्षरे जोडण्याची पद्धत अमेरिकेत १९३२ साली एस. एच. कँप ह्या कंपनीने सुरू केली. पुढे घराघरांत एक हिशेब रूढ झाला : छातीखालचा घेर मोजायचा, त्यात चार किंवा पाच इंच मिळवायचे आणि आलेला आकडा म्हणजे आपला नंबर. आजही अनेक दुकानांत हाच हिशेब चालतो. भरल्या अंगाच्या स्त्रीला ह्यातली चूक कशीबशी निभावून नेता येते. कृश बांध्याच्या स्त्रीला मात्र ती मुळीच पेलत नाही, कारण अठ्ठावीस इंच घेरात चार इंच मिळवणे म्हणजे सातव्या हिश्श्याची भर घालणे.

एक उदाहरण पाहू. एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी, लहानपणी लसीकरणापासून माझ्याकडे येणारी, खांदे आणि मानेखालचा भाग दुखतो म्हणून आली. छातीतही अधूनमधून कळ येई, त्यामुळे घरच्यांनी अन्यत्र हृदयाचा आलेख काढून घेतला होता. तो निर्दोष होता. उंची १५० सेंटिमीटर, वजन ४३ किलो, म्हणजे उंचीला साजेसे. दोन्ही खांद्यांवर स्ट्रॅपचे तांबडे वळ होते. स्ट्रॅप शेवटपर्यंत आवळलेले, आणि पाठीमागचा पट्टा वर सरकून खांद्याच्या फऱ्यांपाशी पोहोचलेला. तिच्या ब्राचा नंबर होता ३२ ए, आणि कप वरून पोकळ राहतो म्हणून दुकानदाराने "ह्याहून लहान नंबर नाही, पॅडवाली घ्या" असा सल्ला दिलेला होता.

परिचारिकेने माप घेतले. छातीखालचा घेर २८ इंच, छातीचा पूर्ण घेर ३१ इंच. जुन्या हिशेबाने २८ अधिक ४ म्हणजे ३२. पूर्ण घेर तर त्याहूनही कमी, म्हणून 'ए'सुद्धा मोठाच, असा निष्कर्ष निघतो. सरळ हिशेब वेगळा आहे. पट्ट्याचा नंबर म्हणजे छातीखालचा प्रत्यक्ष घेर, आणि दोन्ही घेरांतील फरक म्हणजे कप : एक इंच असेल तर ए, दोन इंच बी, तीन इंच सी. ह्या मुलीचे माप २८ सी ठरते. 'सी' हे अक्षर ऐकताच तिची आई हसली; बहुतेक जणी हसतात. पण अक्षर एकटे काहीच सांगत नाही. २८ सी, ३० बी आणि ३२ ए ह्या तिन्हींच्या कपांचे घनमान जवळजवळ सारखेच असते. पट्टा एका नंबराने वाढला की कपाचे अक्षर एकाने खाली येते. म्हणजे तिच्या ३२ ए मधला कप आकारमानाने फारसा चुकलेला नव्हता. चुकलेला होता तो पट्टा. सैल पट्टा भार पेलत नाही, म्हणून सगळा भार खांद्यावर; शिवाय रुंद पट्ट्यावर कप एकमेकांपासून दूर आणि स्ट्रॅप कडेला शिवलेले असतात, म्हणून ते सारखे खांद्यावरून घसरतात आणि आणखी आवळले जातात. आकाराला साजेसा, पण चुकीच्या जागी बसलेला कप पोकळ दिसतो. ती पोकळी पाहून मुलगी समजते की आपल्यातच काही कमी आहे.

पट्टा सुधारल्यावर तीन आठवड्यांत तिचे दुखणे थांबले. त्याच काळात तिने एका खांद्यावर जड पिशवी नेणेही सोडले होते, तेव्हा सगळे श्रेय ब्राला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाची येथे आठवण होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात १८ ते २६ वयाच्या ३० तरुणी होत्या. त्यांपैकी ८० टक्के चुकीच्या मापाची ब्रा वापरीत होत्या. संख्या लहान आहे, पण आपल्याकडचे चित्र ह्याहून बरे असेल असे मला वाटत नाही.

आता उथळ ठेवणीकडे वळू, कारण येथे केवळ फीत पुरत नाही. पूर्ण झाकणारा, साच्यात घडवलेला कडक कप खोल वाटीसारखा असतो. पसरट स्तन त्या वाटीचा तळ भरत नाही, त्यामुळे टोकाशी सुरकुती आणि वरच्या कडेला फट राहते. मग एक नंबर लहान कप घेतला जातो. त्याची वायर अरुंद असते. ती स्तनाच्या कडेला बसण्याऐवजी काखेकडच्या ऊतकावर चढते, टोचते, सारी ब्राच पुढे ढकलते आणि फट आणखी वाढते. म्हणजे उपायच अपाय ठरतो. ह्या ठेवणीला रुंद पायाचा, कमी खोलीचा, वरून अर्धा कापलेला कप अधिक चांगला बसतो. दुकानात डेमी किंवा बाल्कनेट म्हणून मागावा. वरच्या कडेला ताणली जाणारी जाळी असेल तर उत्तम. ज्यांना वायर सहन होत नाही त्यांनी मऊ, बिनवायरची त्रिकोणी कपाची ब्रा घ्यावी. लहान आकारमानाला तिचा आधार पुरेसा होतो. आणि ज्यांना केवळ स्लिप किंवा शमीज घालून बरे वाटते, त्यांच्यावर ब्राची सक्ती करण्याचे वैद्यकीय कारण नाही.

माप घेताना श्वास सोडून फीत छातीखाली आडवी, अंगाला लागून धरावी. पाळीपूर्वी स्तन थोडे फुगतात, म्हणून पाळी संपल्यानंतरचा आठवडा योग्य. मात्र कंपनीगणिक नंबर बदलत असल्याने शेवटचा निर्णय घालून पाहण्यानेच होतो. ब्रा घातल्यावर थोडे पुढे वाकून काखेकडचे ऊतक हाताने कपात घ्यावे, मग सरळ उभे राहावे. पट्टा पाठीवर आडवा राहावा, त्याखाली दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. वायर असल्यास दोन कपांमधला भाग उरोस्थीला टेकावा. दोन्ही हात वर केले तरी पट्टा जागचा हलू नये. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे ढिले पडते आणि आतील हूक त्यासाठीच असतात.

प्रत्यक्षात अडचण येते ती दुकानात. आमच्या बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा इतर मध्यम शहरांत काय, माल बहुधा ३० किंवा ३२ नंबरपासून सुरू होतो. काउंटरपलीकडे पुरुष विक्रेता, घालून पाहण्याची सोय नाही. मुलगी दोन मिनिटांत हाताला येईल ते घेऊन बाहेर पडते. अशा वेळी ३० बी घेऊन पट्टा शिंप्याकडून आत घ्यावा. हुकाच्या बाजूने दोन्हीकडे सारखाच कापड दुमडावा. स्ट्रॅपची जागा आणि कप ह्यांना हात लावू नये. ऑनलाइन विक्रीमुळे २८ नंबर आता घरपोच मिळतो. परतीची सोय असेल तेथूनच मागवावा.

काही समजुतींचा परामर्श घेतला पाहिजे. काळी किंवा घट्ट ब्रा घातल्याने कर्करोग होतो, ही भीती सुशिक्षित घरांतही आढळते. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने ती फैलावली. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी रजोनिवृत्त स्त्रियांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवून दिले की, ब्राचा वापर, कपाचा आकार किंवा वायर ह्यांचा कर्करोगाच्या धोक्याशी संबंध आढळत नाही. दुसरी समजूत अधिक महाग पडते : आकार वाढवणारी तेले, मलमे, गोळ्या. त्यांपैकी एकही वैद्यकीय कसोटीवर उतरलेले नाही, आणि ज्यांत संप्रेरके असतात ती वाढत्या वयात घातक ठरू शकतात. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने स्त्रीच्या वक्षाच्या आकाराविषयीच्या अशा जाहिरातींना प्रतिबंध केला आहे. तरीही त्या सर्रास दिसतात. आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षातील मासिकेही एकदा चाळून पाहावीत.

अर्थात प्रत्येक तक्रार मापावर ढकलता येणार नाही. तेरा वर्षे पूर्ण होऊनही स्तनांच्या वाढीला सुरुवात नसेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर तपासणी आवश्यक आहे. दोन्ही बाजूंत थोडा फरक बहुतेकींत असतो. फार मोठा फरक असून त्या बाजूचा छातीचा स्नायूही नसेल, तर पोलंड सिंड्रोमचा विचार करावा. आत खचलेली किंवा पुढे आलेली उरोस्थी, पाठीच्या कण्याची वक्रता ह्यांमुळेही कोणतीच ब्रा बसत नाही. वजन झपाट्याने उतरलेल्या मुलीचे कपडे सैल होणे हे आहाराच्या मानसिक विकाराचे पहिले चिन्ह असू शकते.

शेवटी स्तनपान. लहान किंवा उथळ स्तनांच्या मातेला दूध पुरणार नाही, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया फार लवकर ठरवून टाकतात आणि वरच्या दुधाचा डबा घरात येतो. स्तनाच्या आकारात मोठा वाटा चरबीचा असतो. दूध ग्रंथी तयार करतात. एका वेळी साठणारे दूध काहींत कमी असते, एवढेच. अशा बाळाला अधिक वेळा पाजावे लागते. ग्रंथींचीच वाढ अपुरी असल्याची उदाहरणे विरळा असतात. ती बाळाच्या वजनाच्या नोंदीवरून ओळखता येतात, ब्राच्या नंबरावरून नव्हे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात एकदा आणि प्रसूतीनंतर दूध स्थिरावल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा माप घ्यावे. ह्या काळात घट्ट पट्टा आणि वायर टाळावी. एकाच जागी दाब राहिला तर दूध साकळून गाठ येते आणि पुढे ताप चढतो. अशी माता आली की बाळाला तपासण्याबरोबर तिच्या ब्राचा पट्टा कोठे रुतला आहे, हेही परिचारिकेकडून पाहून घ्यावे.