थार दोन इंच उचलली, पण अलाइनमेंटचं काय?

लिफ्ट किटच्या व्हिडिओत आपण फिटिंग बघितलं. आज त्याच्या पुढचं काम बघू. किट बसवून तुम्ही पैसे कमावता, पण ते पैसे खिशात राहणार की परत जाणार हे अलाइनमेंटच्या रॅम्पवर ठरतं.

आधी माझीच चूक सांगतो. दुकानात २०२० नंतरच्या मॉडेलची एक थार आली होती. पुढे स्पेसर टाकले, मागे उंच स्प्रिंग. गाडी दिसायला एकदम जबरदस्त. अलाइनमेंटला चढवली तेव्हा स्क्रीनवर टो, कॅम्बर, कास्टर तिन्ही लाल. पोराने टाय रॉड फिरवून टो हिरवा केला, स्टीअरिंग सरळ केलं आणि गाडी दिली. कॅम्बर आणि कास्टर लालच राहिले. "लिफ्ट केली की एवढं चालतं," असं मीच त्याला म्हणालो होतो.

चार हजार किलोमीटरनंतर तो गिऱ्हाईक परत आला. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड गुळगुळीत, आतली बाजू नव्यासारखी. शिवाय हायवेवर ऐंशीच्या पुढे गाडी एका जागी राहत नाही, सारखं स्टीअरिंग सावरावं लागतं, अशी तक्रार. भांडला नाही. आम्हीच दिलेली प्रिंट खिशातून काढली, लाल आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं होतं ना? मग मला का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन टायरचे अर्धे पैसे मी भरले. किटमध्ये जे सुटलं होतं त्यापेक्षा ती रक्कम मोठी होती.

आता हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला चार वाक्यांत सांगता येईल. थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, वर एक आर्म, खाली एक आर्म. आर्मचं एक टोक चासीला बांधलेलं, दुसरं चाकाकडे. म्हणजे चाकाकडचं टोक झोपाळ्यासारखं गोलाईत फिरतं. गाडी उचलली की चासी वर जाते आणि चासीच्या हिशेबाने चाक खाली जातं. गोलाईत खाली जाताना ते टोक आतही ओढलं जातं. वरचा आर्म आखूड, खालचा लांब, त्यामुळे दोघं सारखे आत येत नाहीत. बहुतेक वेळा चाकाचा माथा बाहेर झुकतो, म्हणजे कॅम्बर पॉझिटिव्ह होतो. मग टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

एक हिशेब करून बघा. आर्म ३५० मिमी लांब आणि सुरुवातीला आडवा सपाट आहे असं धरा. टोक ५० मिमी खाली गेलं तर ते साधारण साडेतीन मिमी आत येतं. १०० मिमी खाली गेलं तर? सात नाही, साडेचौदा मिमी. उचल दुप्पट, ओढ चौपट. म्हणून "दोन इंच केलंय तर चार करून टाका की" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. पहिले दोन इंच निभावतात, पुढचे दोन इंच पार्ट मागतात.

यात अजून एक गोची आहे. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर एक इंचाचा स्पेसर टाकला तर चाकापाशी उचल एक इंचापेक्षा जास्त येते, कारण स्ट्रट आर्मच्या टोकाला नसतो, थोडा आत बसतो. मी अशी गाडी बघितली आहे जिथे मालक "दोन इंच" म्हणत होता आणि टेप वेगळंच सांगत होता. म्हणून उंची मोजायची ती हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका. टायर मोठे टाकले किंवा हवा कमी असली की तो आकडा खोटा पडतो. चारही चाकांची मोजमापं किट बसवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा जॉब कार्डवर.

कास्टर हा शब्द गिऱ्हाइकाला कळत नाही. त्याला सायकल आठवायला सांगा. सायकलचा पुढचा चिमटा थोडा मागे कललेला असतो, म्हणून चालत्या सायकलवर हात सोडले तरी ती सरळ जाते. चिमटा उभा केला तर हँडल डगमगेल. गाडीचा कास्टर कमी झाला की तेच होतं. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप मागे येत नाही, वेगात गाडी भटकते. टायर लगेच खाल्ला जात नाही म्हणून दुकानदार कास्टरकडे दुर्लक्ष करतो, पण रात्रीच्या घाटात ते स्टीअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला विचारा.

टो तर हलणारच. कोणत्या बाजूला हलेल ते त्या गाडीच्या टाय रॉडच्या जागेवर आहे, म्हणून अंदाज नको, मोजा. चुकलेला टो किती महाग असतो ते सांगतो. चाक अर्धा अंश वाकडं चालत असेल तर एका किलोमीटरमागे ते जवळपास पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. हजार किलोमीटरला पावणेनऊ किलोमीटर. हे वाक्य काउंटरवर वापरा, समोरचा लगेच गप्प होतो.

जुनी थार असेल, म्हणजे पुढे टॉर्शन बार असलेली, तर तिथे वेगळाच खेळ चालतो. बारचा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर. किट नाही, खर्च नाही. गिऱ्हाईक खूश, पण आर्म खालच्या स्टॉपरच्या जवळ जाऊन बसतो, चाकाला खाली जायला जागा उरत नाही, गाडी दगडासारखी आपटते आणि वर सांगितलेले सगळे कोन बिघडतात ते वेगळंच. मी हे काम अलाइनमेंटशिवाय घेत नाही.

जिम्नी आणि जिप्सीचं गणित पूर्ण निराळं. तिथे पुढेही सलग अ‍ॅक्सल आहे. टाय रॉड अ‍ॅक्सलसोबतच वर-खाली होतो, त्यामुळे गाडी उचलल्याने कॅम्बर आणि टो फारसे बदलत नाहीत. स्क्रीनवर हे दोन्ही हिरवे दिसले की पोरं म्हणतात, "झालं, याचं काही नाही." पण जिम्नीत अ‍ॅक्सलला धरणारे दोन आर्म तिरके होतात, अ‍ॅक्सल गरकन थोडा फिरतो आणि कास्टर पडतो. आडवा लॅटरल रॉडही गोलाईत फिरतो, त्यामुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. फेंडरपासून टायर एकीकडे जास्त बाहेर दिसतो तो यामुळे. आणि स्टीअरिंग बॉक्समधून येणारा ड्रॅग लिंक तिरका झाल्यामुळे स्टीअरिंग व्हील वाकडं बसतं. इथे उपाय म्हणजे कास्टर करेक्शनचे बुश, लांबी बदलता येणारा लॅटरल रॉड आणि ड्रॅग लिंकची लांबी नीट करून व्हील सरळ करणं. पाट्यांच्या जिप्सीत पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून कास्टर आणतात.

सलग अ‍ॅक्सलची गाडी साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागल्यावर जोरात थरथरायला लागली तर आधी ढिलेपणा शोधा. लॅटरल रॉडचे बुश, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग, किंगपिनचे बेअरिंग. एकाला स्टीअरिंग डावं-उजवं हलवायला सांगा आणि स्वतः खाली झोपून बघा. सरळ नवा स्टीअरिंग डॅम्पर विकून मोकळं होणारे खूप आहेत. थरथर महिनाभर झाकली जाते आणि मग जास्त जोरात येते.

आता रॅम्पवरचा क्रम. टायरची हवा, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, बॉल जॉइंट, बुश. ढिलं काही असेल तर तिथेच थांबा. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे पाण्यावर रेघ. मग एक गोष्ट जी निम्म्या दुकानांत चुकते: आर्मचे बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो. उंचीचा आकडा खोटा येतो आणि सहा महिन्यांत बुश फाटतो.

त्यानंतर मागचा अ‍ॅक्सल सरळ आहे का ते बघून पुढे या. आधी कास्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. कारण पहिले दोन हलवले की टो पुन्हा हलतो. मशीनमधले आकडे न उचललेल्या गाडीचे असतात, तरी लक्ष्य तेच ठेवा. कॅम्बर-कास्टरला कंपनीने सेटिंगची जागा किती दिली आहे ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. ती जागा संपली आणि आकडा अजून लाल असेल तर पान्याने काही होणार नाही, अ‍ॅडजस्टेबल अप्पर आर्म लागतो. किंवा उचल कमी करा. हे दुसरं उत्तर दुकानदाराला आवडत नाही, पण कधी कधी तेच बरोबर असतं. डावी-उजवीकडचा कास्टर अर्ध्या अंशाच्या आत ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. टो अंशात बसवा. मिमीचा आकडा टायरच्या व्यासावर बदलतो आणि ही मंडळी टायर मोठे टाकतातच.

ईएसपी असलेल्या गाडीत व्हील सरळ केल्यावर स्कॅनर लावून स्टीअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बघा. स्टीअरिंग पूर्ण डावं, पूर्ण उजवं फिरवून ब्रेकचा होज ताणतोय का ते तपासा. हेडलाइट खाली करा, हे तर कोणीच करत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आता पैशाचं बोलू. किटचा भाव सांगताना अलाइनमेंट वेगळी ओळ म्हणून लिहा, "फुकट" लिहू नका. फुकट लिहिलं की पोरगं वीस मिनिटांत टो हिरवा करून मोकळं होतं, कारण त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. माझ्या कोटेशनवर आता चार ओळी असतात: किट आणि फिटिंग, पूर्ण अलाइनमेंट, पाचशे किलोमीटरनंतरची फेरतपासणी, आणि "गरज पडल्यास अप्पर आर्म". त्या चौथ्या ओळीसमोर अंदाजे रक्कम आधीच लिहिलेली.

गिऱ्हाईक म्हणतो, "पलीकडच्या दुकानात अलाइनमेंट किटसोबत फुकट आहे." मी वाद घालत नाही. म्हणतो, "साहेब, जरूर करा. फक्त त्यांच्याकडून तिन्ही कोनांची आधीची आणि नंतरची प्रिंट मागून घ्या." बरेच जण तिथून परत येतात. जे येत नाहीत ते येत नाहीत.

एखाद्याला अप्पर आर्मचा खर्च नकोच असेल तर? त्याला लाल आकडा दाखवा, टायर कुठून खाल्ला जाईल ते बोटाने दाखवा, जॉब कार्डवर मराठीत लिहा आणि सही घ्या. पण कास्टर इतका कमी असेल की टेस्ट ड्राइव्हला तुम्हालाच गाडी सावरावी लागते, तर सही घेऊनही गाडी देऊ नका. स्पेसर काढा, फिटिंगची मजुरी सोडा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. गिऱ्हाइकाला हे किट घेण्याआधी सांगा. काही जण मागे फिरतील. फिरू द्या.

पाचशे किलोमीटरच्या फेरतपासणीला गाडी येते तेव्हा नव्या स्प्रिंग थोड्या बसलेल्या असतात. हब ते फेंडर पुन्हा मोजा, बोल्ट पुन्हा टॉर्क करा, टो पुन्हा बघा. टायरवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे, प्रिंट काहीही म्हणो. त्या दिवशीची प्रिंट पहिल्या दोन प्रिंटसोबत एकाच जॉब कार्डला पिन करून ठेवा.