सरपणातील उष्णता आणि घरगुती चूल

ग्रामीण भागातील अनेक घरांत आजही पाणी तापविणे, भाकरी भाजणे आणि दूध तापविणे ही कामे लाकडावर होतात. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची जोडणी असंख्य घरांत पोहोचली. तरीही सरपण अनेक घरांतून पूर्णपणे गेलेले नाही. ‘एवढे लाकूड जाळूनही धग पुरत नाही’ ही तक्रार म्हणूनच अद्याप ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुधा लाकडाच्या तुटवड्यापेक्षा ते जाळण्याच्या पद्धतीत असते.

उष्णतेचा हिशेब

हवेवर चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळू शकते. पाच लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास ३७५ किलोकॅलरी पुरतात. सर्व उष्णता पाण्यास मिळाली, तर सुमारे ११० ग्रॅम लाकडात हे काम व्हावे. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीत सुमारे दहा टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते व त्याच कामास किलोभर लाकूड लागते. चुलीची कार्यक्षमता वीस टक्क्यांवर नेली, तर लाकूड निम्म्यावर येते. निम्मे सरपण म्हणजे डोक्यावरून आणावयाच्या मोळ्याही निम्म्याच, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

लाकूड कसे जळते?

लाकूड तापले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. त्यानंतर ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ज्वाला दिसते ती या वायूंची. शेवटी उरलेला कोळसा निखाऱ्याच्या रूपाने जळतो. लाकडाच्या वजनाचा फार मोठा भाग वायुरूपाने जळत असल्यामुळे या वायूंना पुरेशी हवा व पुरेसे तापमान मिळणे आवश्यक असते. ते न मिळाल्यास वायू न जळताच धुराच्या रूपाने निघून जातात. धूर म्हणजे वाया जाणारे जळणच होय.

ओल्या लाकडात हा दोष दुहेरी होतो. ज्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी आहे, अशा एक किलो लाकडातून सुमारे १,९०० किलोकॅलरीच मिळतात; शिवाय वाफेमुळे ज्वाला थंड पडून धूर वाढतो. म्हणून सरपण पावसाळ्यापूर्वी तोडून, फोडून, जमिनीपासून उंच रचून, वरून झाकून व बाजूंनी हवा खेळती ठेवून वाळवावे. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढ्या ढलप्या लवकर वाळतात व नीट जळतात.

चुलीची रचना

वर्ध्याच्या मगनवाडीतील ‘मगन चुली’पासून सुधारित चुलीचे अनेक नमुने आपल्याकडे तयार झाले. त्या सर्वांमागील तत्त्वे थोडीच आहेत. लाकडाखाली जाळी असावी, म्हणजे खालून हवा मिळते व राख वेगळी पडते. चुलीचे तोंड गरजेपेक्षा मोठे नसावे. मोठ्या तोंडातून शिरणारी जादा थंड हवा उष्णता घेऊन जाते. भांड्याचा तळ ज्वालेच्या टोकाजवळ असावा. भांडे फार खाली बसले तर ज्वाला विझून काजळी धरते व फार वर राहिले तर धग बाजूने निसटते. वैलावर दुसरे भांडे ठेवल्यास जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग होतो. भांड्यावर झाकण ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

धुराड्यामुळे स्वयंपाकघरातील धूर बाहेर जातो, परंतु त्याने आपोआप जळण वाचत नाही. ओढ अति झाली तर उष्णताही धुराड्यातून निघून जाते. धुराडे छपराच्या वर काढावे व त्यातील काजळी नियमितपणे झाडावी.

पाण्याच्या बंबात आगीची नळी पाण्याच्या मधोमध असते. धग चहूबाजूंनी पाण्यास लागत असल्याने त्यात लाकूड कमी लागते. मात्र आतील क्षार व नळीतील काजळी यांचे थर उष्णतेस अडवितात. ते वेळोवेळी काढावेत. बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. अपुऱ्या हवेत निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासरहित असून प्राणघातक आहे.

अनुभवाचा धडा

केंद्र शासनाने १९८३ मध्ये सुरू केलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये संपला. चूल बसविली म्हणजे काम पूर्ण झाले, असे नसते. तडे लिंपणे, धुराडे साफ करणे व गृहिणीच्या भांड्यांना मापात बसेल अशी चूल घडविणे यांवाचून ती टिकत नाही, हे या प्रयत्नातून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीजवळ अधिक वेळ असणाऱ्या स्त्रिया व बालके यांना हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून जेथे गॅस परवडतो तेथे तो वापरणेच हिताचे. सुधारित चूल ही उरलेल्या गरजेची सोय आहे.

शाळा व पंचायत यांचे कार्य

शिक्षकांना एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. मोकळ्या जागी, स्वतःच्या देखरेखीखाली, एकाच मापाची भांडी व दोन-दोन लिटर पाणी घेऊन एक भांडे तीन दगडांवर व दुसरे सुधारित चुलीवर ठेवावे. लाकूड आधी तोलावे. पाणी उकळताच आग विझवून उरलेले लाकूड व कोळसा पुन्हा तोलावा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले की फरक मुलांना सहज कळतो, आणि मुलांकडून तो घरी पोहोचतो.

ग्रामपंचायतीने गावातील एक-दोन कारागिरांना चूल दुरुस्तीचे शिक्षण मिळवून द्यावे, पावसाळ्यापूर्वी सरपण कोरडे ठेवण्याची सूचना ग्रामसभेत द्यावी आणि चुलीचा नमुना ठरविताना ती रोज पेटविणाऱ्या स्त्रियांचे मत प्रथम घ्यावे. चूल चांगली की वाईट, याचा निर्णय अखेर त्यांच्याच अनुभवावर ठरतो.