हृद्रोगी मातेची प्रसूती

औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद या तालुक्यांतील मराठी भाषक घरांत मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. लहानपणी तिला सांधे सुजविणारा ज्वर होऊन गेला असल्यास आईने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सासरी ते बहुधा कुणास ठाऊक नसते. या ज्वराने हृदयाची झडप अरुंद होऊ शकते. गरोदरपणी शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. मग भरली घागर उचलताना लागणारी धाप निजल्यावरही लागते, आणि 'दिवस गेलेत, चालायचेच' म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

प्रसूतिवेदनांनी नाडी जलद चालते. अरुंद झडपेतून रक्त पुढे सरण्यास अवधी उरत नाही व ते फुप्फुसांत तुंबते. म्हणून भूलतज्ज्ञ कण्यालगत बारीक नळी बसवून वेदनाशामक औषध थोडेथोडे देतात. एकदम दिल्यास रक्तदाब घसरतो. ई. सी. जी., रक्तदाब व रक्तातील प्राणवायू यांवर अखंड लक्ष ठेवले जाते. मूल रडले की घरची मंडळी निश्चिंत होतात. ती निश्चिंती अकाली होय! आकसलेल्या गर्भाशयातील रक्त त्याच घटकेस एकाएकी हृदयाकडे परतते. पुढील एकदोन दिवसही जोखमीचेच असतात.

हृदयाच्या तपासणीची सोय कलबुर्गी येथील जयदेव हृद्रोग संस्थेच्या रुग्णालयात आहे. प्रसूती मात्र बीदर किंवा कलबुर्गी येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करण्याचे आधीच ठरवून तेथे नाव नोंदवावे.