कारंज्याचा कापूस आणि खुल्या बाजाराचा वाद

आम्ही खुल्या व्यापाराची बाजू घेतली की पहिला सवाल ठरलेला असतो : ‘सेठ, मोठा मासा लहानाला गिळतो, त्याचे काय?’ कारंजा येथील एका टेलर मास्तरांशी आमचा हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. मास्तरांनी दुनिया पाहिली आहे, त्यामुळे त्यांना थातुरमातुर उत्तर देऊन चालत नाही. आपल्या व्यापारी बांधवांनाही असे मास्तर भेटत असतील. त्यांच्यापुढे विलायती अर्थशास्त्र मांडण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्याची हकीकत मांडावी, असे आम्हाला वाटते.

देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे सुरू झाला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. त्या काळच्या बाजारांची रीत कशी होती? दलाल व खरीददार रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत आणि मालाचा धनी नुसता तोंडाकडे पाहत राही. वजनात कडता, पैशात धर्मादाय, वर हमाली अशी कापणी होऊन उरेल ते कास्तकाराचे. कायद्याने बाजार समिती आली, अडते व मापारी यांना परवाना आला. यावर मास्तर म्हणतात, ‘म्हणजे सरकारचा दंडा लागलाच ना?’ लागला, हे आम्ही कबूल करतो. पण तो दंडा तराजूवर होता, भावावर नव्हता. भाव बोलीनेच ठरत असे.

हा फरक आपल्या लोकांना नवा नसावा. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली; त्यांनी ती मान्य केली नाही, कारण कोणावर जुलूम केल्याचा दावा आपल्यावर राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यांनीच साठेबाजीला मनाई केली, आणि बाजारात पोहोचण्याआधीच काफिल्याला वाटेत गाठून माल घेण्यासही मनाई केली. वाटेतल्या माणसाला आतला भाव माहीत नसतो, तो फसतो. गावाच्या वेशीबाहेर बैलगाडी अडवून कापूस घेणारा आमच्या लहानपणीचा दलाल दुसरे काय करीत होता?

आता दुसरी बाजू. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली आणि 1972 च्या हंगामापासून कास्तकाराला आपला कापूस सरकारी केंद्राशिवाय कोठेही विकता येईना. राज्याची हद्द ओलांडून नेणे हा गुन्हा ठरला. ज्या जिल्ह्यात बोलीचा पहिला बाजार उभा राहिला, तेथेच बोली बंद झाली. ग्रेडरने जो दर्जा लावला तो लागला. दुसरा गिऱ्हाईकच नाही तर नाही म्हणणार कोणाला? पैसाही हप्त्याने मिळे. आमच्या उधारीच्या वहीत त्या काळी लग्नाच्या कपड्यांसमोर ‘चुकारा आल्यावर’ एवढाच शेरा असे, तारीख नसे. राज्यकर्ता स्वतः व्यापारात उतरला की रयतेचा धंदा आणि शेवटी खजिनाही बुडतो, असे इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात लिहून ठेवले. ही योजना प्रचंड तोट्यात गेली आणि 2002 साली खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

येथे मास्तरांनी आम्हाला अडवले. ‘मंदीच्या साली तुमचा व्यापारी कोठे असतो? तेव्हा कास्तकार सरकारी केंद्रावरच रांग लावतो.’ ही गोष्ट खरी आहे, आणि खुल्या बाजाराचे वकील ती दडपतात. हमीभाव असावा, असे आम्ही आता मानतो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला. कापूस महामंडळ त्या भावाने घेते, पण दुसऱ्याला विकू नको असे म्हणत नाही. जुन्या योजनेत आणि यात आम्हाला एवढाच, पण मोठा फरक दिसतो.

खरी अडचण आपली, म्हणजे व्यापाऱ्यांची आहे. मार्च 2012 मध्ये कापसाची निर्यात अचानक बंद केली गेली, तेव्हा सूतगिरण्यांना आनंद झाला. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले, तेव्हाही आनंद त्यांनाच झाला. पहिल्या वेळी दरवाजा बंद झाला होता, दुसऱ्या वेळी उघडला. दोन्ही वेळा रुई स्वस्त व्हावी हाच मतलब. आम्ही कापडवालेही त्या आनंदात सामील होतो, हे लपवून काय उपयोग? तत्त्वाची आठवण आम्हाला कास्तकाराच्या वेळी होत नाही.

मागे आमच्या गावी बाहेरच्या लोकांनी एका मंगल कार्यालयात तयार कपड्यांचा सेल लावला. आम्ही कापड दुकानदारांनी तो बंद व्हावा म्हणून अर्ज केला आणि त्यावर आमचीही सही होती. मास्तरांच्या कानावर ते गेलेच. तयार कपड्यांनी त्यांची निम्मी शिलाई आधीच नेलेली, तरी त्यांनी अर्जाची बाजू घेतली नाही. शर्टाचे माप घेता घेता एवढेच विचारले, ‘सेठ, तुम्ही खुल्या बाजारावर बोलता ते कोणाच्या दुकानाबद्दल?’ आम्ही जबाब दिला नाही. दुसऱ्या दिवशी सही मागे घ्यावी असे मनात होते, पण तोवर सेलवाले माल बांधून निघून गेले होते.